गवत कापायचं पेट्रोलचं मोवर सोडून बॅटरीवर आलो, त्याला नऊ महिने झाले

बोरिवलीत आमच्या क्रिकेट क्लबचं मैदान आहे, साधारण सव्वादोन एकरांचं. बारा वर्षं त्याची देखभाल माझ्याकडे आहे. त्यातली नऊ वर्षं बसून चालवायचं पेट्रोलचं मोवर वापरलं आणि या फेब्रुवारीत बॅटरीचं घेतलं. घेण्याआधी मराठीत कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मशीनचा तासांचा काटा आज ११२ वर आहे.

४२ इंची डेक (पात्यांवरचं झाकण), त्यात दोन पाती, ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. पूर्ण चार्ज म्हणजे ४.८ युनिट वीज. कंपनीच्या पत्रकात एका चार्जमध्ये अडीच एकर असं छापलं होतं. फेब्रुवारी ते मे हरळी कोरडी आणि आखूड होती, तेव्हा पावणेदोन तासांत अख्खं मैदान व्हायचं आणि वर थोडं चार्जिंग उरायचं. मी खूश होतो.

जूनच्या शेवटी खरी परीक्षा झाली. पाऊस लागला, लव्हाळा वर आला, चार दिवस मशीन बाहेर काढता आलं नाही. पाचव्या दिवशी उघडीप मिळाली आणि मी पेट्रोलच्या सवयीनेच सगळं एका दमात कापायला घेतलं. पन्नास मिनिटांत लाल दिवा लागला. पॅव्हेलियनपासून सर्वांत लांब, साइटस्क्रीनजवळ मशीन थांबलं आणि आम्ही चौघांनी ते चिखलातून ढकलत आणलं. डेक उलटून पाहिलं तर खाली ओल्या गवताचा चार बोटं जाड थर, शेणासारखा चिकटलेला. पाती त्या लगद्यातच फिरत होती आणि बॅटरी तिथेच खर्च होत होती.

त्या दिवसापासून माझी कापायची पद्धत बदलली. नवं मशीन घेणाऱ्याला सांगायची मुख्य गोष्ट हीच. पेट्रोलचं इंजिन आपली चूक पोटात घालतं. गवत गुडघ्याला लागू दे, पाती बोथट असू देत, ते घरघरत पुढे जातं, दोन लिटर जास्त पितं आणि आपल्याला कळतही नाही. बॅटरीत तीच चूक लगेच चार्जिंगच्या काट्यावर दिसते. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम मला पाठ होता, पण पावसाळ्यात मी तो कधी पाळला नव्हता. आता जुलै-ऑगस्टात आठवड्यातून दोनदा कापतो, तेही निम्मं मैदान आज, निम्मं उद्या. पाती आधी महिन्याने घासून धार लावायचो, आता दर दहा तासांनी. घासलेल्या पात्यावर आठ-दहा मिनिटं जास्त मिळतात, हे घड्याळ लावून पाहिलंय. गवताचं टोकही आता स्वच्छ कापलं जातं, दुसऱ्या दिवशी पिवळं पडत नाही. पावसातलं क्रिकेट मुंबईला नवं नाही, १९४८ पासून कांगा लीग आहे, आणि उंच गवतात अडलेला चौकार इथल्या प्रत्येक बॅट्समनला ठाऊक आहे. यंदा आमच्या आउटफिल्डवर चेंडू ऑगस्टातही सीमारेषेपर्यंत जात होता. मला त्याचा फार आनंद झाला.

(स्क्वेअरवर, म्हणजे मधल्या खेळपट्ट्यांच्या भागात, हे मशीन नेत नाही. तिथे आमचं हाताने ढकलायचं सिलिंडर मोवरच.)

पेट्रोलची कटकट संपली, हे सुख मोठं आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या दमट हवेत कॅनमध्ये पंधरा-वीस दिवस राहिलेलं पेट्रोल मशीनमध्ये घातलं की दोरी ओढून ओढून खांदा जायचा. गेल्या दोन पावसाळ्यांत तीन वेळा कार्बोरेटर उघडून साफ करावा लागला. शिवाय ऑइल, प्लग, एअर फिल्टर, आणि कॅन घेऊन पंपावर रांग. आता डेक धुणं, पाती घासणं आणि चाकांत हवा एवढंच काम आहे.

आवाजाचं मात्र नीट ऐका. आधी शेजारच्या इमारतींच्या तक्रारींमुळे सातच्या आत इंजिन सुरू करता येत नसे, आणि सातला मुलं प्रॅक्टिसला हजर. आता सहाला सुरू करतो, कुणाची झोप मोडत नाही. पण आमच्याकडचे जुने माळी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "दादा, हे मागून आलं तर पोराला कळणार कसं?" मामांचं खरं होतं. मार्चमध्ये सीमारेषेवर कॅच घ्यायला मागे सरकत आलेला एक बारा वर्षांचा मुलगा माझ्यापासून सहा-सात फुटांवर आला होता. मी ब्रेक दाबला, पाती बंद केली, पण दिवसभर हात थरथरत होते. आता हॉर्न बसवलाय आणि मशीन चालू असताना मैदानात कुणालाही सोडत नाही, कोच असला तरी.

चार्जिंगला सात तास लागतात. आमची शेड पत्र्याची, मे आणि ऑक्टोबरात दुपारी भट्टी होते. बॅटरी गरम असली की चार्जर सुरूच होत नाही, म्हणून रात्री लावतो. जुलैत तीन रात्री ईएलसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि सकाळी मशीन रिकामं. दोष मशीनचा नव्हता, आम्ही जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डात ओल शिरत होती. वायरमनकडून भिंतीवर उंच स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग करून घेतलं. हे मशीन यायच्या आधीच करा. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर धरतो, तो महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढतो.

खर्चाचं सांगतो. शेडला सबमीटर लावलाय. ११२ तासांना ४१५ युनिट झाले, आमच्या दराने पावणेपाच हजार रुपये. जुनं मशीन तासाला तीन लिटर प्यायचं, म्हणजे तेवढ्याच कामाला मुंबईच्या भावाने पस्तीस हजारांच्या आसपास पेट्रोल लागलं असतं. मात्र तशाच पेट्रोल मशीनच्या जवळपास दीडपट पैसे आधी मोजलेत आणि बॅटरी किती वर्षं टिकते ते अजून पाहायचंय. सर्व्हिसचा अनुभव वाईट. सीटखालचा स्विच बिघडला, माणूस उठला तरी पाती फिरत राहायची. इतक्या धोक्याच्या बिघाडाला सुटा भाग यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर मी मशीन शेडमध्येच ठेवलं. विकत घेताना सुटे भाग मुंबईत मिळतात का, हे लेखी विचारा.

जुनं पेट्रोल मशीन विकलेलं नाही. सलग आठवडाभर पाऊस राहिला की पहिली उंच कापणी त्याच्यावर करतो, यंदा दोनदा केली. दुसऱ्या बॅटरीचे पैसे कमिटीने मंजूर केले तर हे जुनं मशीन मेमध्ये काढून टाकू.