"फक्त टायपिंगला" म्हणून जुना लॅपटॉप घेतला आणि फसले

बाबांच्या आठवणींच्या चार वह्या टाइप करायच्या होत्या, त्यासाठी नवा लॅपटॉप कशाला म्हणून बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही. पहिली चूक म्हणजे आत शिरल्या शिरल्या मी म्हणाले, "फक्त मराठी टायपिंगला हवाय हो." झालं, त्याला कळलं की ही बाई काही तपासणार नाही.

"ताई, हिंजवडीच्या कंपनीतला लॉट आहे, एकदम क्लीन, आय-५ आहे." अकरा सांगून साडेनऊ हजारात दिला. मी पण हुशारी केली हां, माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीज उघडून बघितल्या, तिथे प्रोसेसर आय-५ च लिहिलेला. नोटपॅडमध्ये 'हॅलो' इंग्लिशमधून टाइप केलं, उमटलं. जीपे केलं आणि निघाले.

घरी येऊन इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या कीबोर्ड मांडणीत, पहिलं पान घेतलं तर 'प्रस्तावना'चं 'परसतावना' आणि 'पत्र'चं 'पतर'. आधी वाटलं फॉन्टचा घोळ आहे. पण इनस्क्रिप्टमध्ये पाय मोडायचं चिन्ह डी वर असतं आणि तेच बटण दहातून आठ वेळा मेलेलं, आणि माझ्या हॅलोत डी नव्हताच! मराठीत जोडाक्षराशिवाय एक ओळ लिहून दाखवा बरं. गुरुवारी लाइट गेली तेव्हा बॅटरीचं पण कळलं, बारा मिनिटं.

मग भाचा आला. त्याने चालू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं, तिथे आय-३, आय-५ पेक्षा खालचा प्रोसेसर. म्हणाला, विंडोजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून येतं, ते हाताने बदलता येतं, रीस्टार्ट केलं की खरं नाव परत येतं म्हणून यांनी दर वेळी चालू होताना नाव बदलणारी छोटीशी फाईल घालून ठेवलीय. टायपिंगला आय-३ चालतो हो, पैसे मात्र आय-५ चे घेतले ना. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर हार्ड डिस्क ३१,००० तास चाललेली, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड, आणि वर पिवळं 'कॉशन', म्हणजे सावध. शिवाय विंडोज १०, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, आणि ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स आणि लिहायला लिब्रेऑफिस टाकून दिलं, टायपिंगला ते भरपूर झालं.

परत गेले तर "ताई, चालू करून दाखवला होता ना?" पावती साधी, त्यावर ना मॉडेल ना सिरियल नंबर, खाली शिक्का 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पण माझ्याकडे पुरावा म्हणजे जीपेचा आकडा, वस्तू कुठली ते त्यात कुठेच नाही. जाणार असाल तर सिरियल नंबर घातलेलं जीएसटी बिल मागा, मराठीतून पान भर टाइप करा, चार्जर काढून चहा पिऊन या, आणि बायोस तिथेच उघडायला लावा, नाही म्हणाला तर उठा.

साडेतीनशेचा यूएसबी कीबोर्ड जोडून काम चाललंय. आधीची ती 'परसतावना'वाली दोन पानं बाबांनी प्रिंट काढायला लावली आणि लाल पेनने तपासून दिली, शिक्षक होते ना.