पायदान नंबर सात, लेस्टरहून सांगलीला

हरभट रोडच्या मागच्या बोळात पहिल्या मजल्यावर एक दहा बाय दहाची खोली आहे. दुकानाला धड पाटी नाही. जिन्याखालच्या भिंतीवर 'टेप, कॅसेट, रेकॉर्ड प्लेअर रिपेअर' एवढंच रंगानं लिहिलंय. गेल्या महिन्यात मी तिथं पुरात भिजलेल्या पाच कॅसेट दिल्या आणि चारांतली गाणी मला परत मिळाली. अशा कॅसेट अजून सांगलीत कितीतरी घरांत पडून असतील, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कपाटाचे खालचे तीन कप्पे बुडाले. पाणी ओसरल्यावर गाद्या, भांडी, कागदपत्रं यांतच महिना गेला. कॅसेट मी तशाच गाळासकट उन्हात वाळवल्या आणि बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवल्या. (उन्हात वाळवायच्या नसतात, सावलीत पंख्याखाली वाळवायच्या, हे मला आत्ता कळलं. उन्हानं फीत आखडते.)

त्यांतल्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटसाठी मी हे सगळं केलं. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, १९८३ मध्ये आत्या आणि आतोबांबरोबर इंग्लंडला, लेस्टरला गेला. तो चौदा वर्षांचा, मी तेरा. सांगलीत होता तोवर दर बुधवारी रात्री आठला आम्ही दोघं रेडिओ सिलोनला चिकटलेले असायचो. अमीन सायानींची गीतमाला, आठवड्याच्या लोकप्रिय हिंदी गाण्यांची क्रमवारी! कुठलं गाणं किती पायदान, म्हणजे क्रमांक, चढलं ते वहीत लिहायचं काम माझं आणि कार्यक्रमातला बिगुल तोंडानं वाजवायचं काम दादाचं. तिकडे गेल्यावर त्याला रविवार संध्याकाळचा बीबीसी रेडिओ वनचा टॉप फोर्टी सापडला, चाळीस गाण्यांची तशीच क्रमवारी. आपल्याकडे रेकॉर्डच्या खपाच्या जोडीला श्रोता संघांचीही मतं धरत. तिकडे सगळा हिशोब दुकानातल्या खपावर, आणि १९८३ पासून गॅलप ही संस्था तो दुकानादुकानांत मशीन बसवून गोळा करायची. दादानं हे मला तीन पानी पत्रात आकृती काढून समजावलं होतं.

मला इंग्रजी निवेदन कळायचं नाही. म्हणून ऑक्टोबर १९८५ मधल्या एका रविवारी त्यानं रेडिओसमोर टेप ठेवला आणि निवेदकाच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवून कार्यक्रमाचा शेवटचा भाग मराठीतून केला. 'तर बहिणींनो आणि भावांनो, पायदान नंबर सात!' मागे रिचर्ड स्किनर बोलतोय, त्याच वर्षी जुलैमध्ये दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या लाइव्ह एड या मैफलीच्या थेट प्रक्षेपणाची सुरुवात ज्याच्या आवाजानं झाली तोच, आणि पुढे आमचा दादा सांगतोय की हे गाणं गेल्या आठवड्यात कुठं होतं. मध्येच बिगुल. तोंडानंच.

ही कॅसेट मी दुकानाच्या काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून हलवली, आत वाळलेला गाळ खुळखुळला. "पुरातली हाय का ताई? मग आधी धुवायला लागंल," म्हणाले. स्क्रू गंजले होते. ते त्यांनी तेलाचा एकेक थेंब सोडून रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम समोर बसून बघितलं. कॅसेट उघडली, दोन्ही रिळं चिमट्यानं उचलली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू फिरवत धुतली आणि टिपकागदावर पसरली. फितीमागचा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता, तोही नवा लावला. तीन दिवसांनी रिळं नव्या कोऱ्या डबीत बसवून पेन्सिलीनं दोन वेळा मागंपुढं फिरवली आणि मग डेकमध्ये घातली.

पहिल्यांदा आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. मला वाटलं, गेलं सगळं. काकांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, डेकच्या हेडशेजारचा (फीत वाचणाऱ्या भागाशेजारचा) स्क्रू केसभर फिरवला, थांबले, अजून केसभर. आणि एकदम आ-हा या बँडच्या 'टेक ऑन मी'तले ते कीबोर्डचे सूर लखलखीत बाहेर आले! ज्या टेपवर भरलं त्याचं हेड ज्या कलानं होतं, त्याच कलाला इथलं हेड आणावं लागतं. आजवर आमच्या घरच्या टेपवर मी हे गाणं इतकं स्वच्छ कधीच ऐकलं नव्हतं.

काकांचं लहानपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलंय. दोन गाणी ऐकून त्यांनी सांगितलं की स्वर थोडा चढा आहे, म्हणजे लेस्टरचा टेप भरताना सावकाश फिरत होता. मोबाईलवरच्या मूळ गाण्याशी स्वर जुळवून त्यांनी वेग उतरवला. त्यासरशी दादाचा आवाजही उतरला आणि खरा झाला. चाळीस वर्षं मी तो चिमणा ऐकत आले होते. सोळाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला होता हे मला आत्ता समजलं.

आता तक्रार. ही एकच आहे, पण मोठी आहे. पहिल्यांदा पेन ड्राइव्ह मिळाला त्यात सात गाण्यांच्या सात वेगळ्या फाइल होत्या आणि मधलं बोलणं कापलेलं होतं. काकांचा पुतण्या कॉम्प्युटर बघतो. त्यानं बोलणं म्हणजे गडबड समजून काढून टाकलं, खरखर घालवली आणि त्यात गाण्यांची धारही गेली. मला रडू आलं. काकांनी मूळ भरलेली फाइल ठेवली होती म्हणून निभावलं. त्यांनी पुतण्याला माझ्यासमोर बसवून पूर्ण बाजू सलग ऐकवली आणि दुसरी प्रत पैसे न घेता दिली. तुम्ही गेलात तर कॅसेट देतानाच कागदावर लिहून द्या: काही कापू नका, काही साफ करू नका, एका बाजूची एकच फाइल करा.

हीच गाणी मोबाईलवर मिनिटात सापडतात, मग कशाला पैसे, असं माझ्या मुलानंही विचारलं. मी त्याला हेडफोन दिला. मोबाईलवर ऐंशीच्या दशकातली हिट गाणी म्हणून जी यादी येते तिच्यात सगळी दहा वर्षं एकत्र कालवलेली असतात, सगळी गाणी आधीच जिंकलेली. या कॅसेटमध्ये अजून काहीच ठरलेलं नाही. मडोना आहे, एल्टन जॉन आहे, आणि दादा जिवाच्या आकांतानं आ-हाची बाजू घेतोय. नॉर्वेची तीन पोरं, हेच गाणं १९८४ मध्ये आपटलं होतं, पुन्हा नव्यानं रेकॉर्ड करून आणलं. अमेरिकेत ते एक नंबरला पोचलं, ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या पायदानावर अडकलं, कारण वर जेनिफर रशचं 'द पॉवर ऑफ लव्ह' पाच आठवडे हलायला तयार नव्हतं. 'पुढच्या रविवारी चढेल, लिहून ठेव वहीत,' असं दादा म्हणतो. मी लिहून ठेवलं होतं. चढलं नाही.

दर सांगते. साध्या कॅसेटला अडीचशे, पुरातल्या कॅसेटला चारशे. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, त्यामुळे घाई करून उपयोग नाही, मला अठरा दिवस लागले. पाचवी कॅसेट, आईच्या भजनांची, तिची फीत एकमेकींना चिकटून वडी झाली होती. काकांनी ओढून बघायला नकार दिला, पैसे घेतले नाहीत आणि तशीच कागदात गुंडाळून परत दिली. हे मला आवडलं. सोमवारी बंद असतं. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, पुतण्या येऊन घेऊन जातो.

कॅसेटच्या शेवटी बिगुल वाजतो, दादा 'सरताज गीत' म्हणतो, जेनिफर रश गायला लागते आणि कडवं चढत असतानाच बाजू संपते. खट्. त्याला टेप उलटायचं सुचलं नव्हतं. हे गाणं पुढे कसं जातं ते मला १९९३ मध्ये सेलिन डिऑननं ते पुन्हा म्हटलं त्यानंतर कळलं. पुतण्या म्हणाला, "ताई, नेटवरून राहिलेलं जोडून देऊ का? कळणार पण नाही." मी नको म्हटलं. फाइल त्याच रात्री लेस्टरला पाठवली. दादाचा फोन पहाटे आला, तिकडची रात्र होती. हॅलो न म्हणता त्यानं आधी तोंडानं बिगुल वाजवला.