खिशातले चार चाकू, दहा महिन्यांनी

पातं जाड असलं की सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. चाकू अर्ध्यापर्यंत शिरतो, मग पाचरीसारखा अडतो आणि उरलेलं फळ कर्रकन दुभंगतं. घडीच्या चाकूंचा नाद लागल्यावर मी घेतलेला पहिला चाकू असाच होता. हातावरचे केस उडवण्याइतकी धार, पात्यावर ठसठशीत कोरलेलं ‘डी२’ हे पोलादाचं नाव, बोट लावताच भिरकन उघडणारं पातं. त्याच्या कंपनीचं नाव घेत नाही. तो आता माझ्याकडे नाही, आणि का नाही ते पुढे येईलच. त्या सफरचंदानंतर मी एक वही घातली, जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणला आणि पुढचे दहा महिने चार चाकू आळीपाळीने खिशात वागवले: ओपिनेलचा ८ नंबर (साध्या कार्बन पोलादाचा), व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट (स्विस आर्मी चाकूंपैकी एक), बेंचमेडचा बगआउट आणि स्पायडर्कोचा पॅरा मिलिटरी २.

आधी एक कबुली. रोजच्या खिशातल्या चाकूला काम फार बेताचं असतं. माझ्या वहीची बहुतेक पानं पुठ्ठ्याची खोकी आणि त्यांवरची चिकटपट्टी यांनीच भरली आहेत. मधेमधे सुतळी, केबल टाय, टपालाची पाकिटं, फळं, पेन्सिलीचं टोक. लाकडाच्या ढलप्या काढून शेकोटी पेटवणाऱ्यांनी माझ्या निष्कर्षांवर विसंबू नये. पण पुठ्ठा हा वाटतो तितका साधा शत्रू नाही. जुन्या कागदाच्या लगद्यापासून केलेल्या पुठ्ठ्यात माती आणि खनिजांचे बारीक कण असतात. ते धारेला घासत राहतात, आणि पातं जाड असेल तर पुठ्ठ्याच्या दोन्ही कडा त्याला चिमट्यात धरल्यासारख्या आवळतात.

चाकू विकताना पात्याची लांबी सांगतात, वजन सांगतात, पोलादाचं नाव तर पात्यावरच असतं. पाठीची, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेची, जाडीही बहुधा दिलेली असते. धारेचा उतार जिथे संपतो आणि पात्याची बाजू सुरू होते तिथली जाडी मात्र मी घेतलेल्या एकाही खोक्यावर नव्हती. मी याला धारेमागची जाडी म्हणते. कॅलिपरचे जबडे बरोबर त्या रेषेवर हलके टेकवायचे, घट्ट दाबायचे नाहीत, नाहीतर धारेलाच खोक पडते. माझ्या नगांवर आलेले आकडे असे: ओपिनेल साधारण ०.२ मिलिमीटर, कॅडेट ०.३, बगआउट ०.४, पॅरा मिलिटरी ०.५. आणि तो पहिला, निनावी? ०.८. मिलिमीटरच्या दशांशांत असा काय फरक पडणार, असं मलाही वाटलं होतं. पुठ्ठ्यावर एक लांब काप घेऊन बघा, मनगटाला कळतं.

यात पाठीचा आकडा फसवतो. पॅरा मिलिटरीची पाठ सुमारे ३.७ मिलिमीटर जाड आहे, निनावी चाकूची त्याहून थोडी कमीच होती. पण पॅरा मिलिटरीचं पातं रुंद आहे आणि पाठीपासून धारेपर्यंत सरळ सपाट उतरत गेलेलं आहे, त्यामुळे खाली येईतो ते पुरेसं पातळ होतं. निनावी चाकूचा उतार अर्ध्या उंचीवर सुरू व्हायचा. तेवढ्या जागेत पातळ व्हायला त्याला वावच नव्हता. ओपिनेलची तर पाठच पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे प्रश्नच मिटला. या चाकूचं पातं ८.५ सेंटिमीटरचं, वजन पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर, आणि फळ कापण्यात उरलेल्या तिघांपैकी एकही त्याच्या जवळपास येत नाही.

आता पोलाद. संग्राहकांच्या गप्पा इथेच सुरू होतात आणि पुष्कळदा इथेच संपतात. बगआउट आणि पॅरा मिलिटरी, माझे दोन्ही नग एस३०व्ही पोलादाचे. हे २००१ साली क्रुसिबल कंपनीने खास चाकूंसाठी आणलेलं पोलाद. पूड करून, दाबून घडवलेलं, १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. त्यातली व्हॅनेडियमची कार्बाइडं, म्हणजे कार्बनशी झालेली संयुगं, अतिशय कठीण असतात, म्हणून धार टिकते, आणि टिकते हे खरंच आहे. ओपिनेलची धार चार-पाच मोठ्या खोक्यांत मंदावायची. एस३०व्ही तसल्याच कामावर आठवडेच्या आठवडे कागद कापत राहिलं. पण ज्या गुणामुळे धार टिकते त्याच गुणामुळे ती परत लावणं जिवावर येतं. माझा नेहमीचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड या कार्बाइडांपेक्षा मऊ. मी दोन संध्याकाळी त्यावर पातं फिरवत बसले, हात भरून आले, पाणी काळं झालं आणि धार होती तिथेच. शेवटी हिऱ्याच्या कणांची पट्टी आणली तेव्हा पंधरा मिनिटांत काम झालं. एस३०व्ही किंवा त्याच्या भावंडांपैकी काही घेणार असाल तर हिऱ्याची पट्टी त्याच दिवशी घ्या.

ओपिनेलच्या बाबतीत उलट. जवळपास ०.९ टक्के कार्बन, बाकी फारसं काही नाही. दगडावर दोन मिनिटं, चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात, की पुन्हा पहिल्यासारखं. कॅडेटचं स्टेनलेस आणखी मऊ, कठीणपणा रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास. त्याची धार तुटण्याऐवजी वळते, त्यामुळे चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी झिलई नसलेली खरखरीत कड असते तिच्यावरही ती सरळ करून घेता येते. हे मी ऑफिसात करते आणि लोक बघतात.

धार लावणं शिकताना माझी चूक एकच होती आणि ती महिनोन्‌महिने चालली. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला तारेसारखी बारीक कड उभी राहते. ती पूर्ण लांबीभर बोटाला लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही, आणि शेवटी ती काढून टाकायची. मी घाईने बाजू बदलायचे. मग धार पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी आणि दुसऱ्या दिवशी गायब. दोष पोलादाचा आहे, त्याला पाणी नीट दिलेलं नाही, असं मी वहीत चक्क लिहूनही ठेवलं होतं. ते पान फाडलेलं नाही.

तर नोंदींतून निघालं ते एवढंच: थोडी मंदावलेली पातळ धार पुठ्ठ्यात ताज्या जाड धारेपेक्षा सहज जाते. पोलाद ठरवतं किती दिवस. जाडी ठरवते कसं. मला रोज जाणवतं ते ‘कसं’, ‘किती दिवस’ हे महिन्यातून एकदा.

लॉकबद्दल, म्हणजे उघडलेलं पातं हातावर मिटू न देणाऱ्या अडसराबद्दल, मात्र मी हळवी आहे, आणि त्याला कारण आहे. निनावी चाकूत लायनर लॉक होता, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते तो प्रकार. झटक्यात उघडला तर पट्टी नीट बसायची, सावकाश उघडला तर नुसती कडेला टेकायची. माझ्या ते लक्षात आलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं. एकदा प्लास्टिकच्या पट्टीत अडकलेलं पातं उलटं ओढताना लॉक सुटला आणि पातं मिटलं. बोट वाचलं ते केवळ पकड मागे होती म्हणून, नखाचा तुकडा गेला. दुसऱ्या दिवशी मी तो चाकू मोडीत टाकला, कोणाला देण्याचीही इच्छा झाली नाही. आता कुठलाही चाकू हातात घेतला की आधी तो अगदी सावकाश उघडते आणि पट्टी कुठवर येते ते पाहते. उघडण्याची ऐट नंतर.

ओपिनेलची फिरणारी कडी, व्हिरोब्लॉक, १९५५ पासून आहे आणि तिच्यात समजायला अवघड असं काही नाही. चीर असलेली धातूची कडी, फिरवली की पात्याची वाट बंद. २००० पासून ती मिटलेल्या पात्यालाही अडवते. मूठ बीचच्या लाकडाची, ओलावा लागला की लाकूड फुगणार आणि पातं घट्ट होणार, हे लाकडाच्या स्वभावातच आहे. त्यावर ओपिनेल जिथला त्या फ्रान्समधल्या सॅव्हॉयच्या लोकांची युक्ती अशी की मुठीचं बूड टणक जागेवर आपटायचं, पातं थोडं बाहेर डोकावतं. पॅरा मिलिटरीचा कॉम्प्रेशन लॉक मुठीच्या पाठीकडे असतो, त्यामुळे मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. माझ्या नखाच्या इतिहासामुळे मला हा सगळ्यात आवडतो. बगआउटच्या ॲक्सिस लॉकमध्ये दोन बारीक स्प्रिंगांवर एक आडवी दांडी मागेपुढे होते आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना तो सारखाच. कॅडेटला लॉक नाहीच, नुसता पाठीचा स्प्रिंग. लॉक नाही हे माहीत असलं की हात आपोआप जपून चालतो. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

कॅडेटच्या या उणिवेचा एक फायदाही आहे. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येतो तो तीन इंचांपर्यंत पात्याचा आणि लॉक नसलेलाच घडीचा चाकू. कॅडेट त्यात बसतो, बाकीचे तिघे नाही. जिथे राहता तिथला नियम घेण्याआधी वाचा. विमानात यातला एकही केबिनच्या सामानात चालणार नाही.

आता खिसा. चाकूंबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या पँटीला खिसे असतात. माझ्या निम्म्या कपड्यांचे खिसे चार बोटं खोल आहेत. पॅरा मिलिटरी सुमारे ११० ग्रॅमचा आणि मिटल्यावरही लांब. तो त्या खिशात राहतो खरा, पण बसलं की कमरेत टोचतो आणि कापड ओढतो. पात्याला अंगठ्याने उघडण्यासाठी भोक आणि मुठीला क्लिप ही स्पायडर्कोची जोडी १९८१ पासूनची, आज निम्मं जग ती कल्पना वापरतं, फक्त क्लिप अडकवायला कापडही दणकट लागतं. बगआउट ५२ ग्रॅमचा, त्याची क्लिप त्याला खोल बसवते आणि तो आहे हे मी विसरते. कॅडेटला क्लिप नाही, चपटा आहे, पर्सच्या आतल्या कप्प्यात किल्ल्यांबरोबर पडून असतो.

आणि लोक. खटका वाजवत उघडणारा चाकू पाहिला की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबतं. एका मीटिंगआधी मी पॅरा मिलिटरीने पार्सल उघडलं तर समोरच्या बाईंनी खुर्ची चक्क मागे घेतली. कॅडेटने तेच केलं तर “जरा इकडे दे गं, मलाही हवाय” असं होतं. लाल नसला, ॲल्युमिनियमचा असला, तरी ढालीवरचा क्रॉस सगळ्यांच्या ओळखीचा.

संग्रहाबद्दल थोडंच. माझ्या ड्रॉवरमध्ये या चारांखेरीज आणखी सहा आहेत आणि ते मी बघण्यासाठीच घेतलेत हे मान्य आहे. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये येतं का, उघडल्यावर टोक धरून हलवलं तर हलतं का, पाठ आणि मूठ जुळते तिथे नख अडतं का, एवढं मी पाहते. पातं किंचित एका बाजूला असलं म्हणून लोक परत पाठवतात. घासत नसेल तर मी नाही पाठवत, अनेकदा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) पान्याचा पाव फेराच पुरतो. एका मित्राचा सेबेंझा, क्रिस रीव्ह या चाकू करणाऱ्याचा, आठवडाभर वापरून पाहिला. झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम. मित्राने देताना सतरा वेळा सांगितलं, “ओरखडा पाडू नकोस.” मी त्याने फक्त पाकिटं उघडली.

सध्या पर्समध्ये कॅडेट, डब्याच्या पिशवीत ओपिनेल. त्याचं पातं सफरचंदाच्या आम्लाने निळसर-करडं झालंय आणि पुसून ठेवलं तर गंजत नाही. बगआउट प्रवासात, अर्थात चेक-इन बॅगेत. पॅरा मिलिटरीच्या धारेचा कोन गेल्या आठवड्यात बसून २० अंशांवरून १५ वर आणला. जाडी जवळपास तीच राहिली, पण पुठ्ठ्यात आता बराच हलका जातो. टोकाजवळ एका बाजूला अजून कड उठत नाहीये, रविवारी परत बसेन.