हायलक्स की व्ही-क्रॉस: रिकॉल आणि तक्रारी वाचून ठरवताना

घोडबंदर रोडला घर, मुरबाड-शहापूरकडे थोडी शेती आणि शनिवारी सकाळी खताच्या गोण्या, पाइप, कधी जळालेली मोटर टाकून निघायचं. असं ज्यांचं चालतं त्यांच्या घरी हल्ली डबल केबिनच्या पिकअपचा विषय निघतोच. मग बोलणं दोन नावांवर येऊन अडतं: टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. ताकद कुणाची जास्त, रुबाब कुणाचा जास्त, यावर भरपूर चर्चा होते. मी मात्र बुकिंगची रक्कम भरण्याआधी दोन्ही गाड्यांच्या रिकॉलचा, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावण्याचा, आणि मालकांच्या तक्रारींचा इतिहास वाचायला सांगेन. वाचताना प्रत्येक तक्रारीला विचारायचं: ही मी घेतोय त्याच गाडीची आहे का? तीच पिढी, तेच इंजिन, त्याच काळात बनलेली? पिकअपच्या बाबतीत नाव तेच आणि गाडी वेगळी, असं फार होतं.

आधी दोघींची ओळख. हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली, तेव्हा ती ३३.९९ लाखांपासून सुरू होत होती. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस ताकद, टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर, आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. व्ही-क्रॉस २०१६ पासून इथे आहे. बीएस-६ रूपात, म्हणजे धुराच्या कडक नियमांत बसणारी होऊन, ती २०२१ मध्ये १.९ लिटरचं १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटरचं इंजिन घेऊन आली, तेव्हा १९.९८ लाखांपासून. नंतर दोघींच्या किमती वर-खाली झाल्या, पण हायलक्स महाग आणि व्ही-क्रॉस काही लाखांनी खाली, हे गणित तसंच आहे.

आता मुद्द्याकडे येतो.

हायलक्सवरची सगळ्यात मोठी तक्रार ऑस्ट्रेलियातली. तिथे १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो मिळून २ लाख ६० हजारांहून जास्त गाड्यांवरून सामूहिक खटला चालला. दोष डीपीएफचा होता, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा. गाळणी नीट साफ होत नव्हती, मागून पांढरा धूर निघायचा, वास यायचा, डिझेल जास्त लागायचं, सर्व्हिसच्या खेपा वाढायच्या. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने निकाल मालकांच्या बाजूने दिला आणि दोषामुळे गाडीची किंमत १७.५ टक्क्यांनी कमी धरली. अपिलात २०२३ साली तो आकडा १० टक्क्यांवर आला आणि भरपाईचा हिशोब पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

ही बातमी ठाण्यातल्या माणसाने वाचली की तो लगेच म्हणतो, "कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये डीपीएफ चोक होणारच, हायलक्स नको." इथे थांबून बघायला हवं. त्या खटल्यातला दोष दिसायचा तो गाडी नेहमी सलग १०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चालवल्यावर. म्हणजे मोकळ्या हायवेवर. ट्रॅफिकमध्ये गाळणी तुंबणं हा वेगळाच आजार आहे. गाळणीत साचलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. माजिवड्याहून वागळे इस्टेटला जायचं, चार सिग्नल, इंजिन बंद. संध्याकाळी तसंच परत. जळण्याची प्रक्रिया दर वेळी अर्धवट सुटते, त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. हे बीएस-६ च्या कुठल्याही डिझेल गाडीला होऊ शकतं, व्ही-क्रॉसलाही. म्हणजे जिच्या भीतीने लोक हायलक्स सोडतात ती अडचण दोन्हीकडे सारखीच, आणि ती बव्हंशी तुमच्या रोजच्या रनिंगवर अवलंबून.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला. ठाणेकरांना एका लयीत गाडी पळवायला हक्काचा रस्ता मिळाला, त्यामुळे शनिवार-रविवारी गाळणी साफ होण्याची चांगली सोय झाली. पण ज्यांचं कामच दर आठवड्याला नाशिक किंवा संभाजीनगरला असेल त्यांचं चालवणं ऑस्ट्रेलियन खटल्यातल्या मालकांसारखं होणार. मग त्यांनी काळजी करायची का? भारतातली हायलक्स २०२२ नंतरची, त्या खटल्याच्या मुदतीबाहेरची. म्हणून तो निकाल इथल्या गाडीला जसाच्या तसा लावणं चूक आहे. तरी शोरूममध्ये सेल्समनला बाजूला ठेवून थेट सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला विचारा: डीपीएफचा दिवा लागला तर मला गाडीतूनच साफ करता येतं का, की वर्कशॉपला यावं लागतं? वॉरंटीत गाळणी धरली आहे का? उत्तर लेखी घ्या.

हायलक्सबद्दलची दुसरी बातमी जानेवारी २०२४ ची. टोयोटाच्या समूहातल्या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड आढळली. चाचणीसाठी वापरलेलं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष विक्रीच्या गाड्यांतल्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगळं होतं. हायलक्सचं इंजिन त्या यादीत होतं, त्यामुळे भारतातही हायलक्स, फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टाची रवानगी काही दिवस थांबली आणि मग सुरू झाली. हा सुरक्षेचा रिकॉल नव्हता. कंपनीच्या शिस्तीबद्दल हे प्रकरण बरंच काही सांगतं आणि मला ते गंभीर वाटतं, पण ब्रेक किंवा स्टिअरिंगशी त्याचा संबंध नाही. निर्णय घेताना त्याला तेवढंच वजन द्या.

व्ही-क्रॉसच्या बाबतीत उलटा घोटाळा होतो. इथे लोक दुसऱ्या गाडीची कौतुकं आपल्या गाडीला चिकटवतात. डी-मॅक्सची तिसरी पिढी थायलंडमध्ये २०१९ साली आली आणि २०२० मध्ये तिला ऑस्ट्रेलियाच्या अँकॅप या गाडी आपटून घेतल्या जाणाऱ्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बीएस-६ इंजिन घेऊन आलेली व्ही-क्रॉस मात्र आधीच्या पिढीच्या सांगाड्यावरची आहे. ते पाच तारे तिचे नाहीत, आणि परदेशात नव्या डी-मॅक्सवर निघालेले रिकॉलही तिचे नाहीत. सेल्समनने मोबाइलवर पाच तारे दाखवले तर त्या फोटोतली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी नीट ताडून पाहा. अगदी इथल्या इथेसुद्धा, २०१६ च्या २.५ लिटर व्ही-क्रॉसच्या मालकाने सांगितलेली इंजिनाची तक्रार १.९ लिटरला लागू होत नाही.

सुरक्षेच्या साधनांत हायलक्स पुढे आहे, तिला सात एअरबॅग आहेत. व्ही-क्रॉसमध्ये हे व्हेरियंट आणि वर्ष बघून ठरतं: वरच्या व्हेरियंटला सहा एअरबॅग आणि ईएससी, तर खालच्या व्हेरियंटला काही वर्षं दोनच एअरबॅग येत होत्या. ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, पिकअपला फार गरजेची आहे. मागचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजन कमी पडतं. गायमुखच्या घाटात जुलैमधल्या ओल्या वळणावर याचा अर्थ कळतो. व्ही-क्रॉस घ्यायची तर ईएससी नसलेली घेऊ नका, मग पैसे कितीही वाचोत.

मालकांच्या रोजच्या तक्रारींत दोन्हीकडे एक समान आहे: रिकामी गाडी मागे उड्या मारते. दोघींनाही मागे पाटे (ट्रकसारख्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत आणि ते माल वाहायला बनवलेले आहेत. मागच्या सीटवर आई-वडिलांना बसवून मुंब्रा बायपासने एकदा तरी टेस्ट ड्राइव्ह घ्या, मोकळ्या रस्त्यावरच्या चकरेत हे कळणार नाही. दुसरी तक्रार लांबीची. दोन्ही गाड्या साधारण ५.३ मीटर लांब आहेत आणि राज्याच्या बांधकाम नियमांत मोठ्या गाडीची पार्किंगची जागा २.५ बाय ५ मीटरची धरलेली आहे. नाक किंवा शेपूट बाहेर राहणार. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय, असेल तर आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन प्लॅटफॉर्मची मापं आणि वजनाची मर्यादा विचारा, शोरूमला नंतर जा.

सर्व्हिसच्या बाबतीत मात्र मोठा फरक आहे. हायलक्सचं इंजिन फॉर्च्युनरच्याच घरातलं, त्यामुळे त्यावर हात बसलेले मेकॅनिक आणि फिरते सुटे भाग ठाणे, नवी मुंबईत सहज मिळतात. इसुझूचं जाळं त्या मानाने फारच विरळ आहे. ऑइल, फिल्टर मिळून जातं, पण अपघातानंतर एखादा पत्रा किंवा काच मागवायची वेळ आली तर गाडी उभी राहू शकते. ज्याचा धंदा त्या गाडीवर आहे त्याने हे आधी धरावं.

आता रिकॉल वाचायचा कसा, याबद्दल. आकडा बघून घाबरू नका आणि आकडा लहान म्हणून निवांतही राहू नका. भाग कोणता, तो बिघडला तर काय होतं आणि उपाय काय, हे तीन प्रश्न विचारा. अमेरिकेत टेस्लाच्या सायबरट्रकचे एकामागून एक रिकॉल निघाले. मार्च २०२५ चा ४६ हजारांहून जास्त गाड्यांचा होता, बाहेरची चिकटवलेली पट्टी सुटून रस्त्यावर पडू शकते म्हणून. एप्रिल २०२४ चा फक्त ३,८७८ गाड्यांचा होता, पण तो अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलवरचं आवरण निसटून अडकू शकतं म्हणून. माझ्या मते दुसरा कितीतरी जास्त भीतीदायक. जनरल मोटर्सने २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या, अमेरिकेतच जवळपास ६ लाख. त्यात इंजिनाचा आतला भागच तुटण्याचा धोका होता आणि तपासणीत पास झालेल्या गाड्यांना वेगळ्या, जास्त दाट ऑइलवर टाकण्यात आलं. आपल्याकडे महिंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप परत बोलावल्या, एका द्रव वाहणाऱ्या पाइपची जोडणी नीट नसल्याच्या शंकेवरून. पाइप तपासून, लागला तर फुकट बदलून दिला. असा रिकॉल मला कंपनीच्या बाजूचाच पुरावा वाटतो.

भारतात हे बराच काळ कंपन्यांच्या मर्जीवर होतं. २०१२ पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेची पद्धत होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. तक्रार सात वर्षांपर्यंतच्या गाडीची चालते आणि विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी जमल्या की चौकशी होते. म्हणून दोष दिसला तर सरकारच्या पोर्टलवरही नोंदवा, केवळ शोरूमच्या काउंटरवर सांगून परत येऊ नका. हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या कमी खपाच्या गाड्यांत एकेका मालकाच्या नोंदीला वजन असतं.

जुनी व्ही-क्रॉस घेणाऱ्यांनी तर चेसिस नंबर घेऊन आधी कंपनीच्या वेबसाइटवर आणि मग वर्कशॉपमध्ये तपासावं. रिकॉल गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नाही. पण निरोप जातो पहिल्या मालकाच्या फोनवर, आणि एमएच-०४ ची गाडी एमएच-४३ मध्ये विकली गेली की तो निरोप नव्या मालकापर्यंत पोहोचत नाही. खाडीकाठच्या शहरांत हे अंगावर येऊ शकतं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा जगभर गाजलेला दोष उष्णता आणि दमट हवेतच वाढत जाणारा होता. वर्षानुवर्षं ओल धरलेली रसायनं इतक्या जोरात फुटत की धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येत.

घेतल्यावर आणखी एक. पिकअपला पुढे लोखंडी बुल बार लावायची हौस अनेकांना असते. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदीचे आदेश दिले आहेत. धडकेचा जोर झेलणाऱ्या रचनेत आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेत तो ढवळाढवळ करतो. उद्या एअरबॅग उघडली नाही म्हणून तक्रार केलीत तर कंपनीचं पहिलं बोट त्या बारकडेच जाईल.

माझं मत विचाराल तर असं. आठ-दहा वर्षं ठेवायची, कोकण, नाशिक, घाट असं लांबचं रनिंग आणि पैशांची तयारी असेल तर हायलक्स, ऑटोमॅटिक. सर्व्हिस सेंटर घराजवळ असेल, फोर बाय फोर खरोखर लागत असेल आणि वाचणारे लाख शेतावर लागणार असतील तर व्ही-क्रॉस, पण वरच्याच व्हेरियंटमध्ये. रोज फक्त ठाण्यातल्या ठाण्यात दहा-बारा किलोमीटर चालवायची असेल तर दोन्ही नकोत. पेट्रोल गाडी घ्या आणि शेतासाठी महिन्यातून दोनदा टेम्पो भाड्याने करा.

बिल कुणाच्या नावावर करायचं तेही आधी ठरवा. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ग्राहक म्हणून जिल्हा आयोगात दाद मागता येते, ठाणे जिल्ह्याचा आयोग ठाण्यातच आहे. पण धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही, अपवाद स्वतः राबून पोट भरणाऱ्यांचा. घसाऱ्याचा फायदा म्हणून सीए गाडी फर्मच्या नावावर घ्यायला सांगेल. त्याला हा प्रश्न विचारा आणि मगच बुकिंग फॉर्मवर नाव लिहा.