ओल्या कचऱ्याचे मासिक कंत्राट: सोसायटीने घेण्याजोगे आहे का?

पुण्यातील आमच्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवण्याचे मासिक कंत्राट एका खासगी कंपनीला दिले आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी हा कचरा शक्यतो आवारातच जिरवणे अपेक्षित होते. शिवाय गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना महापालिका करात सवलत देते, त्यामुळे समितीतून फारसा विरोध झाला नाही.

कंपनीने आधी 'चोवीस तासांत खत' देणारे विजेवरचे यंत्र सुचवले. त्यातून निघालेला नमुना चहापूडीसारखा कोरडा, तपकिरी आणि दिसायला फारच छान होता. मात्र तोच बरणीत ओला करून ठेवल्यावर काही दिवसांत त्यावर पांढरी बुरशी आली आणि झाकण उघडताच आंबूस दर्प पसरला. याचे कारण उघड आहे. असे यंत्र कचरा दळून, तापवून त्यातील पाणी उडवते, पण जिवाणूंनी कचरा कुजवण्यास लागतात ते आठवडे कोणत्याही बटणाने वाचत नाहीत. खतातील कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन व नायट्रोजनचे प्रमाण, म्हणजेच खत नीट कुजल्याची खूण) २० च्या आत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आम्ही मागितला, तेव्हा प्रतिनिधीने पुन्हा माहितीपत्रकच पुढे केले.

म्हणून आम्ही जाळीदार क्रेटची साधी पद्धत निवडली आणि या सेवेचे खरे मोल रोज सकाळी येणाऱ्या कामगारात आहे, असे माझे मत झाले. ते कचऱ्यातून दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे वेचतात, विरजण (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण) आणि सुका पालापाचोळा मिसळतात आणि मिश्रण मुठीत दाबून पाहतात. पाणी ठिबकले तर भुसा वाढवतात, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडतात. भाज्यांच्या सालींत नत्र अधिक आणि वाळक्या पानांत कर्ब अधिक असल्याने, पूर्वी आवारात जाळली जाणारी पाने आता पोत्यांत भरून जपली जातात. ढीग नीट तापला की आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि तणाच्या बिया व रोगजंतूंचा बराच बंदोबस्त होतो. चाळलेले खत बागेला आणि सभासदांच्या कुंड्यांना जाते. उरलेले कंपनी परत नेते, पण त्याबद्दल बिलात एक रुपयाही कमी करत नाही, हे मला पटलेले नाही.

तक्रारीही आहेत. नेहमीचे कामगार रजेवर गेले, तेव्हा बदली आलेल्याने ढीग खालीवर केलाच नाही. चिलटे आणि वास यांमुळे तळमजल्यावरच्यांना खिडक्या उघडणे अशक्य झाले आणि कंपनीने दूरध्वनीवर नुसती आश्वासने दिली. भुसा व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) यांचे पैसे दरात धरलेले नाहीत, हेही पहिल्या बिलावरूनच कळले.

शिजलेले अन्न फार असेल, उदाहरणार्थ उपाहारगृह किंवा वसतिगृह, तर ही पद्धत घेऊ नये. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'निसर्गऋण' धर्तीचा बायोगॅस प्रकल्प अधिक सोयीचा पडतो, कारण कचऱ्यातून निघालेला गॅस त्याच स्वयंपाकघरात वापरता येतो.

कंत्राटाचे नूतनीकरण आम्ही केले आहे, पण प्रशिक्षित बदली कामगार आणि भुशासह एकच दर या दोन अटी लेखी घालूनच.