कोड न विचारणाऱ्यानं मला 31,740 रुपयांना गंडवलं

31,740 रुपये. यात पोलीस ठाण्याच्या सहा चकरांचं पेट्रोल, चहापाणी आणि बायकोची स्टीलची परात धरलेली नाही. गावाचं नाव लिहीत नाही, पंचक्रोशीत आधीच भरपूर शोभा झालीय. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं पाणबुडी मोटारी खोलतोय. मार्च लागला की रोज पाच-सात मोटारी बोअरमधून निघून थेट माझ्या ओट्यावर येतात. ही फुशारकी नाही. गाडीचा गिअरबॉक्स मी घरीच खोलला, त्यावर "झेपत नाही तर हात कशाला घातला?" असं विचारणारे बरेच भेटलेत, त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतोय.

गाडी 2011 ची, सेकंड हँड घेतलेली, चार गिअरची ऑटोमॅटिक. हल्लीची एएमटी नव्हे. एएमटीत साध्याच गिअरबॉक्सचा क्लच मशीन दाबतं, तेवढं आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक सांभाळून घेतो. ही टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे तेलाच्या जोरावर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी. जानेवारीत मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन ओरडायला लागलं, काटा चार हजारावर आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं. संभाजीनगरच्या एका वर्कशॉपनं गिअरबॉक्सचे 1,35,000 सांगितले. गाडी विकायला काढली तर दोन लाख हातात येतील की नाही याचीच खात्री नाही, आणि सोयाबीनला यंदा काय भाव मिळाला ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मीच खोलायचं ठरवलं.

खोललंही नीट. चेन पुलीनं सत्तर-ऐंशी किलोचं धूड खाली घेतलं. पॅन काढला तर तेल काळंकुट्ट, करपल्याचा वास. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला, प्लेटा ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडल्या. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेल इकडून तिकडे वळवून गिअर बदलणारा भाग, त्यातल्या बारीक गोळ्या कुठल्या खाचेतून निघाल्या ते कागदावर काढून ठेवलं. एका क्लच पॅकच्या फ्रिक्शन प्लेटांचं अस्तर पार उडालं होतं, नुसता पत्रा उरलेला. रोग सापडला होता. माझी चूक गिअरबॉक्स खोलण्यात झाली नाही, ती पुढे झाली.

इंटरनेटवर किट शोधत होतो. एका जाहिरातीखालच्या नंबरवर मेसेज टाकला, पाच मिनिटांत फोन. दिल्लीचा म्हणे. गोड हिंदी, प्रत्येक वाक्याला "भाईसाब". पूर्ण किट, म्हणजे फ्रिक्शन प्लेट, स्टील प्लेट, सगळी सीलं, ओ-रिंगा, गॅस्केट, फिल्टर, मिळून 16,800. आधी 5,000 दिले, बिल आल्यावर 11,800.

दुसऱ्या दिवशी परत फोन. "क्लच जला है तो व्हॉल्व्ह बॉडी में कचरा गया ही होगा." हे खरंच आहे. जळालेल्या अस्तराची भुकटी तेलाबरोबर फिरते आणि व्हॉल्व्ह अडकतात. खरं बोलला म्हणून तर मी फसलो! तुमचा व्हॉल्व्ह बॉडी पाठवा, बदल्यात दुरुस्त केलेला देतो, 8,500. मी 640 रुपये कुरिअरला भरून माझा चांगला, फक्त धुवायची गरज असलेला व्हॉल्व्ह बॉडी माझ्या हातानं पॅक करून पाठवला. मग ट्रान्सपोर्टचं डिपॉझिट, "माल पहुंचते ही वापस", 4,500. तेही दिले.

आता त्या घडीबद्दल लिहितो, जिच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही.

त्यानं मला गिअरबॉक्सचा कोड विचारलाच नाही.

पहिल्या फोनवर दोन प्रश्न होते, गाडी कोणती आणि साल कोणतं. "मिल जायेगा." बास. एकाच गाडीत इंजिनाप्रमाणे, सालाप्रमाणे गिअरबॉक्स बदलतात. कोणता बसवलाय ते त्याच्या केसवर ठोकलेल्या कोडवरून कळतं. प्लेटांची संख्या वेगळी, दाते वेगळे. आता माझं दुकान बघा. सकाळी कुणी येतो, "दादा, मोटारीची तार द्या." मी काय म्हणतो? "किती एचपीची? सिंगल फेज का थ्री फेज? प्लेट दाखव." प्लेट घासून गेली असेल तर त्याला परत पाठवतो, पण अंदाजानं तार देत नाही. बावीस वर्षांत एकदाही दिली नाही. आणि समोरचा माणूस मला अंदाजानं सतरा हजारांचं किट देतोय, तर मला त्याचं काय वाटलं? "वा, काय अनुभव आहे गड्याचा, विचारावंसुद्धा लागत नाही."

बायको तिथेच भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "अहो, त्यानं नंबर-बिंबर काही विचारला का?" मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य आता घरात दिवसातून दोनदा मला परत ऐकवलं जातं.

दुसरी खूण. पैसे पाठवताना खात्यावर दुकानाचं नाव आलं नाही, भलत्याच माणसाचं आलं. "भतीजे का खाता है." ठीक. आणि बिल! बिलावर पत्ता दिल्लीचा, जीएसटी नंबर 09 नं सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. दिल्लीचे 07, आपले 27. 09 म्हणजे उत्तर प्रदेश. सरकारी जीएसटी पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून बघता येतो, पैसे लागत नाहीत, अर्ध्या मिनिटाचं काम. मी बघितलं, पण पैसे गेल्यावर. नंबर कापड दुकानाचा निघाला.

नवव्या दिवशी खोकं आलं. फोम, बबल रॅप, वर स्टिकर, काय थाट! नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी तेलात भिजवायच्या असतात, कोरड्या बसवल्या की सुरुवातीलाच जळू शकतात. दोन लिटर ऑटोमॅटिकचं तेल, 1,300 रुपये, बायकोच्या परातीत ओतून प्लेटा रात्रभर ठेवल्या. सकाळी तेलावर तपकिरी साय. नख लावलं तर अस्तर केळीच्या सालीसारखं सुटून आलं आणि खाली जुना करपलेला थर. जुन्याच प्लेटांवर काहीतरी फासून रंगवलेलं होतं. तार मोजायचा मायक्रोमीटर लावला, एक प्लेट 1.7 मिमी, दुसरी 1.9. मला सतरा हव्या होत्या, आल्या चौदा. त्यातल्या तिघींचे दाते हबवर बसेनात. व्हॉल्व्ह बॉडी भलत्याच गाडीचा, सेपरेटर प्लेट, म्हणजे मधली भोकांची पट्टी, ठेवली तर निम्मी भोकं जुळेनात. कन्व्हर्टर पंपात पुरता बसल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत, नाहीतर पंप फुटतो, हे सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. तिथवर पोचलोच नाही.

फोन केला. "गलती से दूसरा माल गया, रिफंड करता हूँ," आणि क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढी अक्कल माझ्यात शिल्लक होती. शिवी हासडली. त्यानं नंबर ब्लॉक केला.

मग सुरू झाली सरकारी वारी. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला चौथ्या वेळी फोन लागला. तक्रार घेतली, नंबर दिला. "पैसे गेल्या गेल्या फोन करायला हवा होता." खरंय, पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ते अडवता येतात. पण बाबांनो, मला कळलंच बारा दिवसांनी! माल आला नाही, तर माणूस वाट बघतो. खोक्याची वाट बघायला लावायची हीच तर त्यांची युक्ती.

ठाण्यात हवालदार म्हणाले, "मालक, माल आला ना घरी? मग ही सिव्हिल मॅटर." मी परात घेऊन गेलो होतो. पुरावा. टेबलावर ठेवली तर, "हे उचला आधी, तेल सांडंल." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला, "दिल्लीचं प्रकरण, दिल्लीत जाऊन नोंदवा." मी सांगितलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा हद्द न बघता घ्यावा लागतो, आणि फसवणूक आता न्याय संहितेच्या 318 मध्ये आहे. त्यावर उत्तर काय? "वकील आहात का?" चौथ्या खेपेला आतल्या साहेबांनी विचारलं, कंपनीत द्यायची सोडून गाडी घरी कशाला खोलली? म्हणजे गुन्हेगार मी! पाचव्या-सहाव्या खेपेला नुसता अर्जावर शिक्का मिळाला. बँकेत मॅनेजर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" कुरिअरवाल्याकडे माझा व्हॉल्व्ह बॉडी कुणी सही करून घेतला ते विचारलं, तर "ग्राहकाची माहिती देता येत नाही." अरे, ग्राहक मी आहे!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथेच टाकता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, हे मला ठाण्यातल्या एकानंही सांगितलं नाही. फक्त विरुद्ध पक्षाच्या रकान्यात पत्ता लिहायचा असतो, आणि माझ्याकडे पत्ता आहे तो खोट्या बिलावरचा.

जुना पार्ट परत मागणाऱ्याला तो कधीच आधी देऊ नका. नवा हातात घ्या, जुन्याशेजारी ठेवून भोकं जुळवा, मग बोला. परवा हैदराबादच्या एका भंगारवाल्याला फोन केला. मी गाडीचं नाव सांगत होतो, त्यानं मध्येच तोडलं, "वो छोड़ो, केस का कोड भेजो." फोन ठेवून मी थोडा वेळ तसाच बसलो.

गिअरबॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. ठाण्याच्या शेवटच्या खेपेला कळलं की तो नंबर बंद आहे, त्यामुळे तपास पुढे जात नाही. दुकानातल्या पोराच्या मोबाइलवरून मी कालच बघितलं. नंबर चालू आहे. डीपीवर आता ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा फोटो आहे.