लाल टॅब गटाचा, हिरवा घरचा

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी होती, तेव्हा मी एका मुलीचा उत्पन्नाचा दाखला तिच्या चुलत बहिणीच्या अर्जाला जोडला. दोघी एकाच बाकावर बसलेल्या. आडनाव एक, गाव एक, दाखल्यावरचा शिक्काही एक. अर्ज पुढे पाठवायचं बटण दाबणार तेवढ्यात धाकटी म्हणाली, "वहिनी, हे तर माह्या बाबाचं नाव नाई."

घोळ असा झाला होता. दोघींचं काम सोबतच उरकावं म्हणून मी ब्राउझरच्या दोन खासगी खिडक्या उघडल्या होत्या, त्या काळ्या असतात त्या. काळी खिडकी म्हणजे कोरी पाटी, मग दोन काळ्या खिडक्या म्हणजे दोन कोऱ्या पाट्या, असा माझा समज. खरं म्हणजे एका वेळी उघडलेल्या सगळ्या खासगी खिडक्यांची पाटी एकच असते. एकीत दुसरीचं लॉगिन केलं की आधीच्या खिडकीतही तीच येऊन बसते. डोळ्यांसमोर पहिलीचं जुनं पान दिसत राहतं आणि कागद चढतो दुसरीच्या खात्यात. सात वर्षं सेवा केंद्र चालवते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. त्या रात्री झोप आली नाही, कारण आधी असं किती वेळा झालं असेल हे मोजायला काही साधन नव्हतं.

तेव्हापासून अनेक खाती सांभाळायची जी साधनं मिळतात, ती एकेक वापरून पाहिली. कोणत्याही दुकानदाराने किंवा कंपनीने मला काही दिलेलं नाही. जे वापरलं ते फुकटातलंच.

आधी पसारा सांगते. दारव्हा तालुक्यात आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत आपले सरकार सेवा केंद्र, मागे घर, त्याच्या मागे गोठा. माझं एक जीमेल, केंद्राचं एक, बचत गटाचं एक (मी सचिव), नवरा ज्या कास्तकार गटात आहे त्या गटाचं एक. गटातल्या कोणाला मेल उघडायचा असला की माझ्याच दारात येतात. वर दोन सिमवर दोन व्हॉट्सअ‍ॅप, वीज बिल, गॅस, मुलाची शाळा. हे झालं घरचं. गिऱ्हाइकांची खाती वेगळीच: महाडीबीटी, पीक विमा, पीएम किसान, परीक्षांचे अर्ज. कॉम्प्युटर यवतमाळहून आणलेला जुना, ४ जीबी मेमरीचा. लाइन गेली की इन्व्हर्टरवर तासभर तग धरतो.

सुरुवात क्रोमच्या प्रोफाइलपासून केली, कारण क्रोम होतंच. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारायची आणि नवं प्रोफाइल जोडायचं. प्रत्येकाचं जीमेल, बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, सगळं वेगळं. एकाच खिडकीत तीन जीमेल उघडी ठेवायची माझी जुनी सवय होती. त्यात गटाची शीट उघडायला गेलं की आधी लॉगिन केलेल्या खात्यातून उघडायची आणि 'परवानगी मागा' म्हणायची. स्वतःच बनवलेल्या शीटची स्वतःकडेच परवानगी! प्रोफाइल केल्यावर हा ताप संपला. खाली पट्टीवर क्रोमच्या चिन्हाला प्रोफाइलचं छोटं चित्र चिकटतं, म्हणून कोणती खिडकी कोणाची हे कळतं. गटाला मी कापसाच्या बोंडाचं चित्र लावलं होतं, पण ते इतकं बारीक दिसतं की लाडू वाटतो.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. प्रत्येक प्रोफाइल म्हणजे वेगळी खिडकी, आणि चार खिडक्या, वर अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, इतकं ओझं माझ्या ४ जीबीला झेपेना. शेवटी ८ जीबी करून घेतली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. प्रोफाइलला कुलूप नाही. खुर्चीवर बसलेला कोणीही कोणतंही प्रोफाइल उघडू शकतो. पुतण्या गेम खेळायला बसला आणि थोड्या वेळाने आतून ओरडला, "काकू, गटाच्या खात्यात एवढे पैसे हायेत?" बँकेचा मेल समोरच उघडा होता. तेव्हापासून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं दाबून पडद्याला कुलूप लावते आणि पुतण्याला विंडोजचंच वेगळं खातं करून दिलं आहे. प्रोफाइलने पसारा आवरतो, राखण होत नाही.

मग फर्डियम. हेही फुकट, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. डावीकडच्या पट्टीत दोन व्हॉट्सअ‍ॅप वेब, तीन जीमेल, जे हवं ते ओळीने लावायचं. एकाच सेवेची दोन-दोन खाती शेजारी ठेवता येतात. ज्याचं दिवसभराचं काम निरोपांचंच आहे, एखादं रोपवाटिकेचं किंवा कृषी केंद्राचं दुकान, त्याला हे आवडेल. माझं काम निरोपांपेक्षा अर्जांचं. शिवाय पट्टीतलं प्रत्येक चिन्ह म्हणजे आत एक पूर्ण पान उघडं असतं. न वापरलेली झोपवून ठेवायची सोय आहे, तरी माझा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. आठ दिवसांत काढून टाकलं.

आता ज्यावर जीव जडला ते. फायरफॉक्स हा क्रोमसारखाच एक ब्राउझर. तो बनवणाऱ्या मोझिलाचंच त्यासाठी एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचं साधन, आहे, मल्टी-अकाउंट कंटेनर्स. २०१७ पासून मिळतं आणि मला त्याचा पत्ता गेल्या वर्षी लागला. खिडकी एकच, टॅब मात्र रंगीत. लाल टॅबमध्ये गटाचं जीमेल, हिरव्यात घरचं, निळ्यात केंद्राचं, पिवळ्यात कास्तकार गटाचं, सगळी शेजारी-शेजारी आणि एकमेकांना अनोळखी. हे कसं होतं ते मी गटातल्या बायकांना असं सांगितलं: बाजार समितीच्या फाटकावर गाडीला चिठ्ठी देतात ना, ती दाखवली की आत सोडतात, तशी प्रत्येक संकेतस्थळ ब्राउझरला एक चिठ्ठी देतं. तिला कुकी म्हणतात. एरवी ब्राउझरला खिसा एकच, म्हणून एका संकेतस्थळाची नवी चिठ्ठी आली की जुनी जाते. कंटेनर म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा खिसा. माझ्या त्या दोन काळ्या खिडक्यांना खिसा एकच होता. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हंजे तुही चूक खिशाची होती, डोक्याची नव्हती." त्यांचं मन मोठं.

नवा टॅब उघडायच्या अधिक चिन्हावर दाबून धरलं की कंटेनरांची यादी येते. नावं देवनागरीत ठेवता येतात. आधीपासून असलेली इंग्रजी नावं खोडून मी 'गट', 'घर', 'केंद्र', 'कास्तकार' केली. एखादं संकेतस्थळ कायम एकाच कंटेनरमध्ये उघडावं असं बांधून टाकता येतं. बँकेचं मी तसं बांधलं आहे. चुकून दुसऱ्या रंगात उघडायला गेले तर मधेच एक पान येऊन विचारतं, कोणत्यात उघडू? हा एक प्रश्नच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दुपारी दीड वाजता, पंखा बंद, समोर सात माणसं, अशा वेळी कोणीतरी हात धरून विचारणारं लागतं.

पण ऐकून लगेच धावू नका. कंटेनर वेगळे असले तरी फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड आणि काय-काय उघडलं त्याची यादी सगळ्या रंगांना एकच असते. म्हणजे हिरव्या टॅबमध्येही गटाचा पासवर्ड सुचवला जातो. मोबाइलवरच्या फायरफॉक्सला हे चालत नाही. काही संकेतस्थळं क्रोममध्येच नीट चालतात, तिथे परत प्रोफाइलकडे जावं लागतं. म्हणून माझ्याकडे दोन्ही आहेत. रोजचं फायरफॉक्समध्ये, हट्टी संकेतस्थळं क्रोममध्ये.

हे झालं माझ्या खात्यांचं. गिऱ्हाइकांची खाती कंटेनरमध्ये ठेवायचीच नाहीत, ती कुठेच ठेवायची नाहीत, इथवर यायला मला वेळ लागला. त्यांच्यासाठी क्रोमचा गेस्ट मोड. त्यात माझं काही दिसत नाही, आणि खिडकी बंद केली की त्यांचं काही उरत नाही. यातही खुबी तीच: दोन गेस्ट खिडक्या उघडल्या तरी पाटी एकच. म्हणून एक माणूस, एक काम, सगळ्या गेस्ट खिडक्या बंद, मगच पुढचा. बाकावरचे लोक कुरकुरतात. "ताई, तिकडं ओटीपी येऊन राह्यला तवर माह्यं घे ना." नाही घेत. आणखी एक सांगायचं: गेस्टमधून उतरवलेली फाइल मात्र डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. लोकांचे आधार, पासबुकाची पहिली पानं, सगळं तिथे साचतं. मी एकदा पाहिलं तर तीन वर्षांचं गाव तिथे पडलेलं होतं. आता रोज सांजच्याला शटर ओढायच्या आधी तो फोल्डर रिकामा करते, रिसायकल बिनसकट.

राहिले पासवर्ड. घरच्या आणि गटाच्या पासवर्डसाठी दोन साधनं तपासली. कीपासएक्ससी पूर्ण ऑफलाइन आहे. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल तुमच्याच पेनड्राइव्हवर. नेटवर्क असो-नसो, चालतं. स्वभावाने मला हेच आवडलं. पण फाइल कॉम्प्युटरवर एक, नवऱ्याच्या मोबाइलवर एक, दोन्हींत वेगवेगळे बदल झाले की जुळवत बसा. तशी जुळवायची सोय त्यात आहे, पण सोयाबीनच्या सोंगणीत ते कोण करणार? आणि आमच्या घरात पेनड्राइव्ह हरवायचं प्रमाण चाव्यांइतकंच आहे.

म्हणून बिटवॉर्डन घेतलं. यात पासवर्डची तिजोरी कुलूपबंद होऊन कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहते. फुकटच्या प्रकारातही हवे तितके पासवर्ड आणि हवी तितकी यंत्रं चालतात. दुसऱ्या एका माणसासोबत काही पासवर्ड वाटून घेण्याची सोयही फुकटात आहे, ती मी अध्यक्षबाईंसोबत वापरते. एकदा लॉगिन असलं की नेटवर्क गेल्यावरही साठवलेलं पाहता येतं, नवं घालता येत नाही. आमच्याकडे हे महत्त्वाचं, पावसाळ्यात टॉवर कधी जाईल सांगता येत नाही. अट एकच, पण कडक: मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. माझा मुख्य पासवर्ड म्हणजे पाच वऱ्हाडी शब्दांचं एक निरर्थक वाक्य आहे. कागदावर लिहून माहेरच्या ट्रंकेत ठेवलं आहे, सासरच्या नाही. नवरा यावर हसला. हसू दे.

परक्याच्या कॉम्प्युटरवर आपली तिजोरी ठेवायची भीती वाटते का? वाटते. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीकडून गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणकोणत्या संकेतस्थळांवर खाती आहेत ते उघडं होतं. अशा वेळी मुख्य पासवर्ड लांबलचक असणं हीच काय ती भिंत. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन मी बिटवॉर्डनमध्येही ठेवत नाही.

मोबाइलचं थोडक्यात: अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमध्येच दोन खाती ठेवायची सोय २०२३ मध्ये आली, दुसरं अ‍ॅप टाकायची गरज नाही. सीसीआयला, म्हणजे कापूस खरेदी करणाऱ्या सरकारी कंपनीला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी लागते. तिथे रंगीत टॅबचा काही उपयोग नाही, नंबर कास्तकाराचा आणि फोनही त्याचाच हवा.

नंबरवरूनच माझा सगळ्यात मोठा गुन्हा आठवतो. पहिली काही वर्षं ज्याच्याकडे फोन नसेल त्याच्या अर्जात मी माझाच नंबर टाकत गेले, आणि त्यांचे पासवर्ड एका २०० पानी वहीत लिहून ठेवले. लोकांनाही तेच हवं होतं. एक आजोबा तर म्हणाले, "सूनबाई, तूच ठेव. माह्याजवळून हरपते." त्यात माया होती, पण सगळ्या गावाच्या किल्ल्या एका वहीत, आणि वही उघड्या कपाटात. यावर कोणतंही सॉफ्टवेअर नाही. आता काउंटरवर १० रुपयांच्या छोट्या डायऱ्या ठेवल्या आहेत. पासवर्ड गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहायचा, लिहिता येत नसेल तर नातवाने. एका आजीने ती डायरी चंचीत कोंबली. दर वेळी चंची उघडली की सुपारीचा वास येतो आणि पासवर्डवर चुन्याचं बोट उमटलेलं असतं. वाचता येतो, झालं. पोरांना एवढंच बजावते की इथे उघडलेलं जीमेल अधूनमधून उघडत जा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं.

ती जुनी वही अजून माझ्याकडे आहे, कुलपात. ज्याचं पान असेल तो केंद्रात आला की आधी नंबर बदलायचा, मग पासवर्ड बदलायचा, मग पान फाडून त्याच्याच हातात द्यायचं. वही बरीच बारीक झाली आहे. अजून सतरा पानं उरली आहेत. त्यातले चौघं पुण्याकडे कामाला गेलेत, ते पोळ्याला येतील.